खांडेनवमीला चाललेलं इंजिन

आमच्या हायस्कुलाच्या मागच्या फाटकावर एक पाटी होती. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'शाळा ते कारखाना, विद्यार्थ्यांच्या भवितव्याचा राजमार्ग'. पाटीखालून जो राजमार्ग निघायचा तो म्हणजे बाभळीच्या काट्यांतून, म्हशींच्या डबक्याला वळसा घालून जाणारी पायवाट. ती शेठच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला जाऊन धडकायची. भिंतीला त्या बाजूनं दार नव्हतं. आम्ही अकरा जण भिंतीवरून उड्या मारून भवितव्यात शिरायचो.

जिनिंग म्हणजे कपाशीतली सरकी काढून रुई मोकळी करायचा कारखाना. तापीकाठचा सगळा कापूस बैलगाड्यांनी नंदुरबारला यायचा, आमच्या घरचाही यायचा. आम्ही तापीकाठचे गुजर, घरी कापूस, केळी आणि थोडा ऊस. मी शिकायला नंदुरबारात मावशीकडे राहत होतो.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. शाळेत नुसती पुस्तकं घोकून भागणार नाही, पोरांच्या हाताला धंदा लावा, असा वरून हुकूम आला. हुकुमामागे ग्रँट होती, म्हणून तो आमच्या हेडमास्तरांना लगेच पटला. ते शेठकडे गेले. शेठ शाळेच्या कमिटीवर होतेच. दोघांनी एक-एक कप चहा घेतला आणि करार झाला. मॅट्रिकच्या वर्गातली अकरा मुलं आठवड्यातून तीन दुपारी जिनिंगमध्ये जाऊन इंजिनाचं काम शिकतील. सरकारी साहेब येऊन त्यांची परीक्षा घेतील. त्यात जो पहिला येईल त्याला मॅट्रिक होताच शेठ इंजिनावर शिकाऊ उमेदवार म्हणून घेतील. बारमाही काम, बारमाही पगार, आणि जिनिंगच्या आवारात राहायला एक खोली. जागा मात्र एकच.

करार जूनमध्ये सुरू झाला. आता जूनमध्ये जिनिंग कशी असते? बंद असते! जूनमध्ये कपाशी पेरतात हो. ती वेचायला येते दिवाळीच्या सुमाराला. दिवाळीनंतर लाभपाचमेच्या मुहूर्तावर जिनिंग सुरू होते आणि उन्हाळ्यात थंडावते. हे नंदुरबारच्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. हेडमास्तरांना ठाऊक होतं, शेठना तर होतंच होतं. पण वरून आलेल्या टाइमटेबलात जून ते ऑक्टोबर प्रात्यक्षिक आणि दिवाळीनंतर परीक्षांची तयारी असं छापलेलं होतं, आणि छापलेल्याशी भांडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. अशा रीतीनं आम्ही चालणारा कारखाना बंद कारखान्यात शिकलो.

शिकवायला कोण? शाळेत सूतकताईचे एक मास्तर होते. टकळीवर फार बारीक सूत काढायचे. हेडमास्तर म्हणाले, शेवटी कापूस तो कापूसच, आणि त्यांना इंजिनाचा चार्ज दिला. मास्तर बिचारे सज्जन. ते रिकाम्या गुदामात गोणपाटावर बसून आम्हाला इंजिनाचे सोळा भाग लिहून द्यायचे, आम्ही लिहून घ्यायचो. इंजिन शेजारच्या खोलीत होतं. उठून पाहावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. हजेरी झाली की आमच्यातले निम्मे स्टेशनवर भजी खायला पळायचे. त्या निम्म्यांत मी पुढे असायचो.

एकटा माझ्या बाकावरचा जोडीदार इंजिनाच्या खोलीत जायचा.

त्याच्याविषयी सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याची आहे. मी तीत नको तिथे येऊन बसलोय. तो सातपुड्यातला, पावरा आदिवासी. त्याचं गाव तळोद्याच्या वर, दोन दिवसांच्या पायवाटेवर. तळोद्याला आश्रमशाळेत शिकून तो आमच्याकडे आला होता आणि बोर्डिंगात राहायचा. आम्ही सगळे वर्गात अहिराणी बोलायचो. त्याच्या घरी पावरी, आणि मराठी तो शिकलेला पुस्तकातून. त्यामुळे अख्ख्या वर्गात शुद्ध मराठी बोलणारा तो एकटाच. "मला किंचित जागा देतोस का?" असं तो म्हणायचा आणि आम्ही हसून लोळायचो. लाज हसणाऱ्यांना वाटायला हवी होती, पण तेव्हा तेवढी अक्कल नव्हती.

त्याचा बाप आषाढात एकदा बोर्डिंगच्या ओट्यावर येऊन बसला होता. काय म्हणाला, ते जोडीदारानं मला नंतर सांगितलं. हे शेवटचं वर्ष. जंगलातल्या कुपाच्या, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्याच्या, ठेकेदारानं लाकूडतोडीला दोन माणसं मागितली आहेत, घरात खाणारी तोंडं सात. जिनिंगमध्ये लागलास तर राहा, नाहीतर मॅट्रिक झालास तरी आणि नाही झालास तरी कुऱ्हाड घे. पण जागा मिळाली असती तर ती एकट्याची नव्हती. खोली मिळणार होती. त्या खोलीत तो धाकट्या भावाला आणून शाळेत घालणार होता. त्यानं मला ती खोली बाहेरून दाखवलीही होती. दाराला कडी नव्हती. "कडी मी स्वतः बसवीन," तो म्हणाला.

मला त्या जागेची गरज होती का? छे! घरी जमीन होती, बैल होते, दोन थोरले भाऊ होते. पण भाऊ होते म्हणूनच केळीला पाणी द्यायचं काम माझ्या वाट्याला ठरलेलं होतं आणि चिखलात उभं राहायचा मला मनस्वी कंटाळा. इंजिनावर काम करणारा माणूस पँट घालतो एवढंच माझं त्या धंद्याविषयीचं ज्ञान आणि तेवढंच माझं आकर्षण.

इंजिनावर शेठचा एक म्हातारा मिस्तरी होता, सुरतेकडचा. बोलायचा गुजराती मिसळलेली अहिराणी, तीही दिवसाला दहा वाक्यं. पावसाळ्यात तो इंजिन खोलून, पुसून, परत जोडायचा. जोडीदार त्याच्या शेजारी बसून राहिला. पहिले आठ दिवस मिस्तरी त्याच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं त्याच्या हातात चिंधी दिली, महिन्यानं पाना दिला. भाद्रपदात इंजिन जोडून झालं तेव्हा चाचणीसाठी ते सुरू करताना मिस्तरीनं त्याला चाकापाशी उभं केलं. मीही त्या दिवशी होतो. भजीवाला गावाला गेला होता.

ते इंजिन सुरू करणं म्हणजे एक कसब होतं. आडवं, एका सिलिंडरचं धूड, बाजूला पुरुषभर उंचीचं लोखंडी चाक. हवेच्या टाकीनं सुरू करावं असं कंपनीच्या पुस्तकात होतं, पण टाकी चार वर्षं फुटकी होती आणि शेठच्या मते हात फुकट होते. मग पुढच्या लोखंडी टोपीवर बत्ती धरायची, टोपी लाल होईपर्यंत थांबायचं. चाक हळूहळू एका खुणेपर्यंत आणायचं आणि तिथून एक झटका उलटा द्यायचा. आतून ठसका बसला की चाक आपोआप सुलटं फिरतं. खूण बोटभर चुकली तर मात्र चाक उसळून अंगावर येतं. आदल्या वर्षी एका हमालाचं मनगट असंच मोडलं होतं. मिस्तरी जोडीदाराला म्हणाला, "इंजिनले जोर नको दखाडू. आधी त्याना कल दख, मंग हात लाव." जोडीदारानं चाकावर तळवा ठेवला, डोळे मिटून जरा वेळ तसाच उभा राहिला आणि झटका दिला. फुक्, फुक्, फुक् करत इंजिन लागलं. मिस्तरी हसला. त्याला दात नाहीत हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा दारात उभा होतो. मिस्तरीनं मलाही खुणावलं. मी म्हटलं, माझं पोट दुखतंय.

नवरात्रात साहेबांचं पत्र आलं. परीक्षेला अमुक तारखेला येतो. हेडमास्तर पत्र घेऊन शेठकडे गेले. शेठनी पंचांग काढलं, तारीख पाहिली आणि खूश झाले. "येऊ द्या! खांडेनवमी शे त्या दिनले. इंजिन कसं चकचकीत ऱ्हाई, फुलंबिलं लायेल ऱ्हातीन. साहेबले दखीसन बरं वाटी." हेडमास्तरांनाही बरं वाटलं.

खांडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी नांगर, विळे, पाने, हातोडे, इंजिनं, सगळ्यांना धुऊन-पुसून हळद-कुंकू वाहतात. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी आराम. कोणी त्याला कामाला लावत नाही. शेठच्या जिनिंगमध्ये तर त्या दिवशी सुईसुद्धा उचलायची नाही असा दंडक. मग त्याच दिवशी इंजिनाची परीक्षा कशी ठेवली? अहो, तेच तर सांगतोय. साहेब येतो म्हणजे हार घालून घेतो, चहा-पोहे घेतो, दोन शब्द बोलतो आणि गाडीत बसतो, एवढंच आम्ही जन्मभर पाहिलेलं. तपासणीला येणारा साहेब खरोखरच काही तपासेल, हे हेडमास्तरांच्या, शेठच्या, मिस्तरीच्या, कोणाच्याही स्वप्नात आलं नव्हतं.

साहेब तरुण निघाला. तिथेच घात झाला.

दुपारी दोनला जीप आली. इंजिनाला झेंडूची माळ, चाकाला आंब्याचा टहाळा, टोपीवर हळद-कुंकू, पुढ्यात नारळ. शेठ कोशाच्या फेट्यात. आम्ही अकरा जण धुतलेल्या पांढऱ्या शर्टांत ओळीनं. सूतकताईचे मास्तर सोळा भागांची वही छातीशी धरून. साहेबानं हार घेतला, काढून खुर्चीवर ठेवला, पोह्यांकडे पाहिलंही नाही, आणि म्हणाला, "छान. आता एकेकानं इंजिन सुरू करून दाखवा."

शेठनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी मास्तरांकडे, मास्तरांनी वहीत. साहेबानं यादी उचलली. यादीत पहिलं नाव माझं. "ये पुढे," तो म्हणाला.

मला खूण कुठे आहे ते माहीत नव्हतं. बत्ती कशी पेटवतात ते माहीत नव्हतं. मला सोळा भाग पाठ होते आणि त्यातला एकही ओळखू येत नव्हता. डोळ्यांपुढे त्या हमालाचं मनगट आलं. आणि मग, देवीची कृपा म्हणा, माझी नजर झेंडूच्या माळेवर गेली. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "साहेब, माफी असावी. आज खांडेनवमी. आज मी यंत्राला हात लावणार नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. माझं अंगण तर पंचांगानंच वाकडं करून ठेवलं होतं! शेठचे डोळे भरून आले. त्यांनी जागेवरून मान डोलावली. ते पाहून माझ्यामागच्या नऊ जणांनाही एकेक करून धर्म आठवला. त्यांतले पाच माझ्याबरोबर भजी खायला यायचे.

साहेब तापला. "मग मी रिकामा कागद घेऊन जाऊ का? लिहू का, की इथे काहीच शिकवलं जात नाही?" हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ग्रँट त्यांच्या डोळ्यांदेखत जीपमध्ये बसायला निघाली होती. त्यांची नजर ओळीवरून फिरत शेवटच्या मुलावर थांबली. "तू चालव," ते जोडीदाराला म्हणाले. "तुमच्यात हे काही नसतं ना?"

हे वाक्य मी आयुष्यभर विसरलो नाही. कारण त्यांच्यात काय असतं हे माझ्याशिवाय तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावाची पूजा झाल्याखेरीज तो नव्या हंगामाचं कणीस तोंडात घालायचा नाही. बोर्डिंगात कोवळी मक्याची कणसं भाजली तेव्हा तो दोन दिवस नुसती भाकरी-मीठ खाऊन राहिला होता आणि आम्ही त्याला चिडवलं होतं. एखाद्या गोष्टीला तिच्या वेळेआधी हात लावू नये हे त्याला आम्हा दहाही जणांपेक्षा जास्त कळत होतं.

तो म्हणाला, "सर, मी आधी मिस्तरींना विचारतो."

"मिस्तरींना काय विचारतोस? मी सांगतोय!" हेडमास्तर ओरडले. जोडीदारानं तरी मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरी खाली जमिनीकडे पाहत होता. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. शेठच्या समोर तो काय म्हणणार?

जोडीदारानं चप्पल काढली. इंजिनाला हात जोडले. माळ उचलून, एक फूल गळू न देता, शेजारच्या कोनाड्यात ठेवली. बत्ती पेटवली. टोपी लाल झाल्यावर चाक खुणेपर्यंत आणलं, तळवा टेकला, डोळे मिटले आणि झटका दिला. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. साहेबानं चक्क टाळ्या वाजवल्या. कागदावर जोडीदाराचं नाव पहिलं लिहिलं, पुढे 'उत्तम' लिहिलं, पोहे मागवून खाल्ले आणि जीपमध्ये बसून धुळ्याला गेला.

जीपची धूळ खाली बसली तेव्हा शेठ बोलले. "आराम करी ऱ्हायनं व्हतं ते इंजिन. त्याले उठाडं कोनी?" कोणी उठवायला सांगितलं, हे विचारलं नाही. हेडमास्तर तिथेच उभे होते. त्यांना खुर्चीवरच्या हाराची फुलं वेचायचं काम निघालं. शेठनी ताबडतोब शांतीसाठी भटजी बोलावले. त्या वर्षी हंगाम असा आला की कापूस ठेवायला जागा पुरेना. शेठ म्हणाले, शांती केली म्हणून बरं झालं.

परीक्षेनंतरच्या आठवड्यात हेडमास्तरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. शेठ खुर्चीत बसलेले. ग्रँट मंजूर झाल्याचं पत्र टेबलावर होतं. साहेबानं पत्रात प्रात्यक्षिकाची खास तारीफ केली होती. ज्याची तारीफ होती तो दाराशी उभा होता. शेठनी माझ्याकडे बोट केलं. "हाऊ पोऱ्या माले जोयजे. याले चाड शे." हेडमास्तर म्हणाले, करारात परीक्षेचा उल्लेख आहे खरा, पण कारखाना शेवटी शेठचा. मग जोडीदाराकडे वळून म्हणाले, "तुझ्यासारख्या हुशार मुलाला पुढे पुष्कळ संधी येतील." कुठून येणार होत्या, सातपुड्याच्या कुठल्या खिंडीतून, ते त्यांनी सांगितलं नाही.

"घेशील ना रे जागा?" त्यांनी मला विचारलं.

आता इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं: मला इंजिन सुरू करता येत नाही. सहा शब्द. देवाधर्माचा काही संबंध नाही, मी घाबरलो होतो. हेही जमलं असतं. जोडीदार माझ्याकडे पाहत होता. त्याला माहीत होतं, कारण माझी पोटदुखी त्यानं पाहिली होती. मला वाटतं, मी बोलेन असं त्याला वाटत होतं. मी म्हणालो, "हो."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मॅट्रिक झालो, पँट शिवली, खोली मिळाली. मी मावशीकडेच राहायचो. खोलीत सायकल ठेवायचो. दाराला कडी शेवटपर्यंत बसली नाही. रनाळ्याच्या एका घरातून स्थळ आलं तेव्हा आमचे बापू मिशीला पीळ देऊन म्हणाले, "पोऱ्या मन्हा इंजिनवर शे." इंजिनावर मी होतोच, बहुतेक वेळ बसलेला. मिस्तरीनं मला पाना कधी दिला नाही. तेलाचं भांडं धरायला द्यायचा. त्या सबंध पावसाळ्यात तो माझ्याशी मनापासून एकच वाक्य बोलला. "हात त्याना व्हता. तुन्हा नुसता हार."

मी चिडलो. म्हटलं, मग त्या दिवशी का गप्प बसलात? म्हातारा बत्तीची काजळी पुसत राहिला. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

त्याच दिवाळीला मिस्तरी आजारी पडून सुरतेकडे गेला, तो लाभपाचमेपर्यंत आला नाही. शेठ म्हणाले, काळजी नको, आपला शिकलेला पोऱ्या आहे. माझी मात्र झोप उडाली.

लाभपाचमेला सकाळी जिनिंगसमोरच्या ओट्यावर पूजा मांडली होती. बाहेर गाड्यांची रांग स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. मुहूर्त साडेनऊचा. भटजी मंत्र म्हणतील, शेठ नारळ फोडतील, त्या क्षणी आत इंजिन लागलं पाहिजे. मी इंजिनाच्या खोलीत एकटा. कशीबशी बत्ती पेटवली. टोपी तापली. चाक फिरवलं, झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. चाक उसळलं, मी उडी मारून भिंतीला चिकटलो म्हणून मनगट वाचलं. बाहेर भटजींचा आवाज चढत चालला होता. मी घामानं चिंब. मला रडू यायला लागलं, खरंच सांगतो. अठरा वर्षांचा घोडा, पँटीत उभा राहून रडत होतो.

मागच्या खिडकीतून आवार दिसत होतं. हंगामासाठी डोंगरातून मजुरांची टोळी आली होती, कपाशीची गाठोडी डोक्यावरून गुदामात नेत होती. त्यांत तो होता. उन्हानं काळवंडलेला, खांदे रुंद झालेले, हातांवर कुऱ्हाडीचे घट्टे. त्याच्यामागे अर्धं गाठोडं घेतलेला एक पोरगा, चेहरा थेट त्याचाच. तो धाकटा भाऊ असणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी खिडकीतून हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा. तो आला. दारात गाठोडं उतरवलं, आत पाहिलं, इंजिनाकडे, मग माझ्याकडे. त्याला कळलं. मला वाटलं, आता हा हसेल, शिवी देईल. दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते. तो तसला नव्हताच. त्यानं धोतराला हात पुसले, इंजिनाला आजही घातलेली माळ पाहिली आणि अगदी गंभीरपणे, त्याच्या त्या पुस्तकी मराठीत विचारलं, "आज हात लावलेला चालेल ना?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

"चालेल," मी म्हणालो. मान वर करून म्हणवलं नाही.

त्यानं हात जोडले. बत्ती जरा खाली घेतली, टोपीकडे पाहत थांबला. बाहेर भटजी शेवटच्या श्लोकाला आले. त्यानं चाक खुणेपर्यंत आणलं, तळवा टेकला, डोळे मिटले. ओट्यावर नारळ फुटला आणि आत इंजिन लागलं. फुक्, फुक्, फुक्. बाहेर लोकांनी जयजयकार केला. जोडीदार दोन क्षण चाकाशी उभा राहिला. ते फिरतंय ना नीट, एवढंच त्यानं पाहिलं. मग गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाला. भाऊ दारात वाट पाहत थांबला होता. दोघं गुदामाकडे गेले.

तेवढ्यात पुढच्या दारानं शेठ आले, हातात पेढ्यांचं ताट, मागे पाहुणे. "वा रे भाऊ! शिकना तू! पहिल्याच झटकाले!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, आईशप्पथ. शेठनी त्यात पेढा घातला.

पेढा खाऊन झाल्यावरही शेठ बराच वेळ तिथेच उभे होते, पाहुण्यांना इंजिन दाखवत. सांगायला भरपूर वेळ होता.